एक वाजताची तोफ

ही गोष्ट खरी आहे.

इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरीतल्या, बऱ्याच मराठी मंडळींनी ती आधी ऐकलीही असेल, अरुणच्या तोंडून. तो सांगतोही फार छान. पॉटलक असो, गणपती असो, कुणाच्या मुलाची ग्रॅज्युएशन पार्टी असो, 'तुमचा भुताखेतांवर विश्वास आहे का' असं कुणी नुसतं म्हणायचा अवकाश, अरुणने खुर्ची पुढे ओढलीच म्हणून समजा.

पण तो सांगतो ती गोष्ट अर्धीच आहे.

उरलेली अर्धी त्याच्या बायकोला माहीत आहे. सुवर्णाला. आणि आता मला.

मी रीमा, त्यांची शेजारीण. या गोष्टीत माझं काम फक्त झाडांना पाणी घालायचं. नावं मी बदललेली नाहीत. बदलू नकोस, असं सुवर्णाच म्हणाली.

अमावस्या, ओसाड रस्ता, कुत्र्याचं रडणं, यातलं इथे काही नाही. जे झालं ते सकाळी आठ वाजता, लख्ख उजेडात झालं.

मागच्या एप्रिलमध्ये, शाळेच्या सुट्टीत, अरुण, सुवर्णा आणि त्यांची मुलगी इला एडिंबरोला गेले. स्कॉटलंडमधलं जुनं शहर. ही ट्रिप आधी दोनदा कॅन्सल झाली होती. एकदा अरुणचं ऑफिस आडवं आलं, एकदा व्हिसा. इला सतरा वर्षांची. सप्टेंबरात कॉलेजला जाणार. म्हणजे तिघांची अशी ही शेवटचीच ट्रिप.

इलाची अट एकच होती. "नो फोन, डॅड. नॉट ईव्हन वन." अरुण सुट्टीतही कॉलवर असतो, तेव्हा पोरीचं काही चुकलं नव्हतं. तिने स्वतः त्याचा फोन स्विच ऑफ केला आणि वरच्या खोलीतल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकला. तिघांत मिळून फोन एकच न्यायचा, सुवर्णाचा. फोटोंसाठी.

ती वरची खोली आता अरुणचं ऑफिस आहे. सतरा वर्षांपूर्वी ती नीलांबरीकाकूंची होती.

नीलांबरीकाकू म्हणजे अरुणची काकू. पाचवीपासून इंजिनिअर होईपर्यंत तो नागपूरला तिच्याकडेच वाढला. तिला मूलबाळ नाही. इलाच्या वेळी सुवर्णाचं बाळंतपण करायला ती इथे येऊन पाच महिने राहिली होती. सुवर्णाला आई नाही. त्या पाच महिन्यांत काकूंनी तिला डिंकाचे लाडू खायला घातले, बाळाला न्हाऊ घातलं, आणि दुपारी त्या वरच्या खोलीत बसून झबली शिवली. शेजारी बटणांचा डबा असायचा. हवं ते बटण सापडेपर्यंत काकू डबा हलवत राहायच्या.

टिण... टिण... टिण.

त्या आवाजाने इला झोपायची.

ट्रिपच्या आदल्या आठवड्यात सुवर्णाने काकूंना फोन केला. अरुण तेव्हा घरी नव्हता.

"त्याच गावचा डबा आहे माझ्याकडे," काकू म्हणाल्या. "बिस्किटांचा. झाकणावर किल्ला होता, पार गंजून गेला. तसा मिळाला तर आणशील का गं? बिस्किटं पोरांनी खावीत. डबा मला."

"आणते की काकू."

"वजन होत असेल तर राहू दे."

"डब्याचं कसलं वजन, काकू."

हे बोलणं त्या दोघींतच झालं. अरुणला यातलं काही माहीत नव्हतं. हे लक्षात ठेवा.

सोमवारी ते किल्ला बघायला गेले.

शहराच्या मधोमध काळा कातळ, आणि कातळावर किल्ला. तिथे दुपारी बरोबर एक वाजता तोफ उडवतात. पूर्वी बंदरातल्या जहाजांना वेळ कळावी म्हणून उडवायचे, आता आपल्यासारख्यांसाठी. साडेबारापासून गर्दी. वारा असा की इलाची टोपी दोनदा उडाली. अरुण भलत्याच उत्साहात होता. किल्ल्यात कुठे कुठे भुतं दिसतात ते तो इलाला सांगत होता. सुवर्णा फोन वर धरून व्हिडिओ काढत होती.

एकला काही सेकंद कमी असताना स्क्रीनवर वरून एक पट्टी सरकली.

देवचा मेसेज. देव म्हणजे अरुणचा चुलतभाऊ, नागपूरचा.

'वहिनी, काकू गेली. दादाला विचारून...'

एवढंच दिसलं... आणि तोफ उडाली.

सगळे दचकले. सुवर्णाही दचकली. मग सगळे हसले, कारण दचकल्यावर माणसं हसतातच. अरुण वळून म्हणाला, "केवढी घाबरलीस." तिची नजर फोनवरच होती.

'विचारून' च्या पुढे काय होतं, ते दिसत नव्हतं. मेसेज उघडला असता तर दिसलं असतं.

तिने उघडला नाही.

तिथे उभ्या उभ्या तिच्या मनात काय आलं, ते तिने मला जसंच्या तसं सांगितलं. मान खाली घालून सांगितलं. ती म्हणाली, मला पहिलं वाईट वाटलं नाही, रीमा. पहिलं वाटलं, तिसऱ्यांदा कॅन्सल.

आणि दुसरं आठवलं ते काकूंचंच एक वाक्य. त्या इथे असताना कुणीतरी लांबचं वारलं होतं आणि कळायला उशीर झाला होता. काकू म्हणाल्या होत्या, सुतक कळल्यापासून धरायचं. कळलंच नाही, त्याला सुतक नाही.

मग तिने हिशोब केला. अजून कळलेलं नाही. मेसेज उघडलेला नाही, निळी खूण गेलेली नाही. नुसतं एक वाक्य दिसलं, त्याला काय कळणं म्हणायचं? देव आहे तिथे. अरुण असाही वेळेत पोचणार नाही. उरकून घेतील ते. घरी गेल्यावर कळू दे.

तिने फोन एअरप्लेन मोडवर टाकला आणि अरुणला सांगितलं, "इथे नेटवर्कच नाहीये."

"बेस्ट," अरुण म्हणाला.

ज्या बाईने आपलं बाळंतपण केलं तिच्या मरणाची बातमी, पावसात भिजलेली छत्री दाराबाहेर ठेवावी तशी, तिने बाहेर ठेवून दिली. हे माझं म्हणणं नाही. तिचंच आहे.

मंगळवारी खरेदी. किल्ल्यापासून खाली उतरत जाणारा दगडी रस्ता. नाक्यावर घागरा घालून बॅगपाइप वाजवणारा माणूस, दोन्ही बाजूंना लोकरीच्या शाली आणि बिस्किटांची दुकानं. एका दुकानात अगदी तोच डबा होता. लाल, चौकोनी, झाकणावर किल्ला. सुवर्णाने तो उचलला. दोन मिनिटं हातात धरला.

मग तिच्या मनात आलं, आता कुणासाठी?

तिने डबा परत ठेवला आणि स्वतःसाठी एक राखाडी स्टोल घेतली.

पाऊण वाजता ते जेवायला बसले. खाली तळघरासारखं, कमानी असलेलं जुनं रेस्टॉरंट. अरुणने हॅगिस मागवलं. मेंढीचं काळीज-बिळीज बारीक करून, त्यात ओट्स आणि मिरी घालून शिजवतात.

"डॅड, जस्ट डू इट," इला म्हणाली.

अरुणने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "काकूला सांगू नका रे कुणी. चपलेने मारेल मला."

इला हसली.

सुवर्णाही हसली.

तेवढ्यात वर कुठेतरी एक वाजताची तोफ झाली. तळघरात आवाज दबून आला. कुणीतरी वरच्या मजल्यावर दार लोटावं, तसा.

संध्याकाळी अरुणच्या हट्टाखातर ते भुतांच्या टूरवर गेले. पुलाखालच्या अंधाऱ्या दगडी खोल्या, हातात कंदील घेतलेला गाइड. तिथे काही झालं नाही. गळणारं पाणी आणि एका टूरिस्ट बाईची शिंक, बास. अरुण हिरमुसला.

जे व्हायचं होतं ते सकाळीच झालं होतं. तिथे नाही... इथे, श्रूजबरीत.

आता माझा भाग.

मी ऑफिसला जाण्याआधी आठच्या सुमारास त्यांच्या घरी जाऊन तुळस आणि कढीपत्त्याला पाणी घालायचे. सोमवारी गेले तेव्हा वर फोन वाजत होता. मला वाटलं, अरुण फोन विसरला. वाजायचा, थांबायचा. परत वाजायचा. एकदा वाटलं जाऊन बघावं. पण दुसऱ्याच्या घरात ड्रॉवर कशाला उघडा? मी गेले नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

मंगळवारी परत तेच. आठ वाजले होते. मी तुळशीपाशी होते. फोन वाजत होता.

तीनदा वाजला... आणि चौथी रिंग अर्ध्यात थांबली.

उचलल्यासारखी.

मी कान दिला. काही नाही. मग वरून एक बारीक आवाज आला.

टिण... टिण... टिण.

मी पाण्याचा मग तिथेच ठेवला आणि घरी आले. बुधवारपासून नवऱ्याला पाठवलं. त्याने काहीच ऐकलं नाही. अर्थात त्याला स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्याही ऐकू येत नाहीत.

एडिंबरोची मंडळी शनिवारी संध्याकाळी परत आली. मी खिचडी-कढी घेऊन गेले, किल्ली दिली. बोलता बोलता म्हटलं, "अरुणचा फोन सारखा वाजत होता गं. आणि वर बटणं हलवल्यासारखं काहीतरी..."

सुवर्णाने कढीचं भांडं ओट्यावर ठेवलं.

"फोन बंद होता," ती म्हणाली.

"वाजत होता, सुवर्णा."

"बंद होता. इलाने बंद केलाय."

मी विषय वाढवला नाही. प्रवासाने दमली असेल, असं धरून घरी आले.

रविवारी सकाळी तिने ठरवल्याप्रमाणे केलं. चहा झाला, बॅगा उघडल्या, मग फोनचं नेटवर्क चालू केलं. मेसेज आले. एकावर एक.

देवचा पहिला मेसेज आता पूर्ण दिसला.

'वहिनी, काकू गेली. दादाला विचारून लगेच सांगा, त्याच्यासाठी थांबायचं का. काकूची इच्छा होती, अग्नी त्यानेच द्यावा.'

तिने तो तीनदा वाचला. मग ती रडायला लागली. ते रडणं खरं होतं, त्यातलं आश्चर्य तेवढं खोटं होतं.

अरुणने तिथेच जमिनीवर बसून देवला फोन लावला. स्पीकरवर.

"आम्ही थांबलो होतो रे दादा," देव म्हणाला. "बर्फ लावून मंगळवार संध्याकाळपर्यंत थांबलो. तुझ्याच फोनची वाट बघत होतो."

"मला काही कळलंच नाही रे. आम्हाला काहीच माहीत नव्हतं."

"म्हणजे? वहिनी बोलल्या नाहीत का तुला?"

अरुणने सुवर्णाकडे पाहिलं.

"वहिनी," देव म्हणाला, "तुम्हीच उचलला ना फोन? मंगळवारी, साडेपाचला. मी दादाच्या नंबरवर करत होतो. तुम्ही म्हणालात, पोरं फिरायला गेलीत. त्यांना मधनं बोलावू नका. उरकून घ्या."

नागपूरला संध्याकाळचे साडेपाच. म्हणजे इथे सकाळचे आठ.

आणि एडिंबरोला दुपारचा एक.

"मी नाही," सुवर्णा म्हणाली. एवढंच काय ते त्या दिवसात ती खरं बोलली.

"आवाज तुमचाच होता वहिनी. शपथ. आणि शेवटी काहीतरी डब्याचं म्हणालात. डबा येतोय, असं. मग फोन ठेवला. आम्ही सहाला निघालो घाटावर."

अरुण उठला आणि वर गेला. सुवर्णा त्याच्या मागोमाग. त्याने ड्रॉवर उघडला.

फोन आत होता. बंद. थंडगार.

चार्जिंगला लावून चालू केला. त्यात सोमवार-मंगळवारचा एकही कॉल नव्हता. आलेला नाही, चुकलेला नाही, उचललेला नाही.

अरुणने फोन टेबलावर ठेवला. मग त्याचे डोळे भरून आले आणि तो म्हणाला, "काकू होती, सुवर्णा. पोरं असं तीच म्हणायची. मरतानासुद्धा आपली ट्रिप मोडू नये म्हणून... इथे येऊन फोन उचलला तिने."

"पण कसला डबा?" त्याने विचारलं.

"काय माहीत," सुवर्णा म्हणाली.

त्याच दिवशी तो नागपूरला निघाला. दहाव्याला पोचला.

ही झाली अरुणची गोष्ट. तो ती सांगतो तेव्हा देवचं 'आवाज वहिनीचाच होता' हे वाक्य गाळतो. त्याच्या गोष्टीत आवाज काकूंचा असतो. आणि शेवट तो नेहमी एकच करतो. हात पसरतो, म्हणतो, "कसला डबा, ते आजवर कुणालाच कळलं नाही." बायका डोळे पुसतात. सुवर्णा सगळ्यांना चहा देते.

अरुण निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सकाळी आठ वाजता, सुवर्णाला पहिल्यांदा ऐकू आलं.

टिण... टिण... टिण.

ती वर गेली. खोलीत टेबल, खुर्ची, मॉनिटर. डबा नाही, बटण नाही. आवाज थांबला. ती खाली आली, तो परत सुरू झाला. त्यानंतर रोज. कधी पाच मिनिटं, कधी तिचा ऑफिसचा पहिला कॉल सुरू होईपर्यंत. अरुणला येत नाही. इलाला येत नाही.

मला येतो.

सप्टेंबरात इलाला कॉलेजला सोडून आल्यावर त्यांनी मिसळ ठेवली होती. रविवार, सकाळची अकराची वेळ, वीसेक माणसं. मी किचनमध्ये सुवर्णाबरोबर पाव गरम करत होते. बाहेर कुणीतरी भुतांचा विषय काढला आणि अरुणने खुर्ची ओढली.

वर आवाज सुरू झाला.

मी सुवर्णाकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती.

"ऐकू येतंय तुला?" ती म्हणाली.

मी मान हलवली.

"आता थांबेल बघ."

बाहेर अरुण सांगत होता. किल्ला, वारा, तोफ. वर बटणं हलत होती. मग अरुण म्हणाला, "आम्हाला तर काहीच माहीत नव्हतं."

आवाज थांबला...

एकदम. डब्यावर कुणी हात ठेवल्यासारखा.

"दर वेळी," सुवर्णा म्हणाली. "तो सांगायला लागला की सुरू, आणि याच वाक्याला बंद. ती ऐकते, रीमा. मी काही बोलतेय का ते ऐकते."

तिचा चेहरा बघवत नव्हता. मी गॅस बंद केला आणि तिला गॅरेजमध्ये नेलं. तिथे, फ्रीझरला टेकून, तिने मला सगळं सांगितलं. मेसेज, सुतकाचा हिशोब, परत ठेवलेला डबा, हॅगिसच्या घासाला आलेलं हसू. बाहेर लोक टाळ्या वाजवत होते.

"उरकून घ्या," ती म्हणाली. "हे मी मनात म्हटलं होतं गं, किल्ल्यावर. तोंडातून एक शब्द काढला नव्हता. मग देवला माझ्या आवाजात कुणी सांगितलं?"

काकूंनी पोरांची सहल वाचवायला फोन उचलला, की सुवर्णाच्या मनातलं तिच्याच आवाजात नागपूरला पोचवलं? अरुणला पहिलं वाटतं. सुवर्णाला दुसरं. मी दोन्ही बाजूंनी विचार करून थकले.

"अरुणला सांग," मी म्हटलं.

"किती वेळा गेले सांगायला. तोंड उघडलं की तो म्हणतो, काकूचं प्रेम बघ. मग माझी हिंमतच होत नाही. आपल्या मराठी मंडळींचं ते गोष्टींचं पान तो दर रविवारी चहाबरोबर वाचतो. तू लिही. नावं तीच ठेव."

हा भित्रेपणा आहे, हे तिलाही कळतं. मी तसं म्हटलंही. ती हो म्हणाली.

तिने तसाच डबा ऑनलाइन मागवला. अरुणने विचारायला नको म्हणून माझ्या पत्त्यावर. काल तो आला. खोकं मी फोडलेलं नाही. ते माझ्या डायनिंग टेबलवर आहे, टेप लावलेलं, आणि मी समोर बसून हे लिहितेय. आज शनिवार. सकाळचे आठ वाजून गेलेत.

मघाशी आठ वाजता...

खोक्यात बिस्किटं आहेत. मी स्वतः लेबल वाचलंय. बिस्किटं अशी वाजत नाहीत.

अरुण, तू हे उद्या वाचशील तेव्हा सुवर्णा माझ्याकडे, याच टेबलाशी बसलेली असेल. मागचं दार मी उघडं ठेवते. कितीही वेळाने आलास तरी चालेल, पण ये.

कसला डबा, ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.